मुळं तिची, पानं माझी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर कोथिंबिरीची एक जुडी निवडली.

गुरुवार होता. उन्हं उतरली होती. अपार्टमेंटच्या मागच्या लोखंडी जिन्यावर मी वरच्या पायरीला, ती खालच्या पायरीला, मध्ये पसरलेलं वर्तमानपत्र. जुडी मेक्सिकन दुकानातली, मुळासकट मिळायची. मी पानं खुडून माझ्या ताटात टाकायचो आणि बुडखा तिच्याकडे द्यायचो. ती नखानं माती खरवडून मुळं पाण्याच्या वाडग्यात सोडायची. आपण जे केरात टाकतो, त्यावर तिचा सगळा स्वयंपाक उभा. लसूण, मिरी आणि ही मुळं खलबत्त्यात कुटली की तिचा मसाला तयार. जुडी एक, मुळं तिची, पानं माझी. या वाटणीवरून आमचं कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

निवडून झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वेटरच्या खिशातून चिमुकली पितळी झारी काढून माझ्या हातात दिली आणि बोटानं झारीच्या पोटावरचा पोचा दाखवला. मग जाता जाता रोजचं विचारलं, "किन खाव रू यांग?"

म्हणजे, जेवलात का?

"आत्ता कसलं जेवण, सहा वाजतायत," मी म्हणालो.

"यू ईट," ती म्हणाली, आणि आत गेली.

तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. सगळे तिला याय म्हणत. तिच्या भाषेत, म्हणजे थाई भाषेत, याय म्हणजे आईची आई. तुमच्यापैकी जे कुणी तेव्हा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होते त्यांनी तिला पाहिली असणार. ठेंगणी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, कमरेला फुलाफुलांचं वस्त्र गुंडाळलेलं, वर मुलीचा ढगळ स्वेटर, पायात रबरी चपला. पार्किंगमधून चालत निघाली की गाड्या थांबायच्या. ती थांबायची नाही.

मी जातीचा आणि धंद्याचा तांबट. पुण्याच्या तांबट आळीत जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. घंगाळं, बंब, तपेली ठोकली, स्टील आलं आणि आमचा धंदा बसला. मुलगा शिकला, अमेरिकेत चिपा बनवायच्या कंपनीत लागला, आणि म्हातारपणी आम्हा दोघांना घेऊन आला. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझी बायको शेवंता. शेजारच्या दारात याय राहायची, मुलीकडे. मुलगी दवाखान्यात नर्स, पाळी बहुतेक रात्रीची. जावई पूर्वी अमेरिकन फौजेत होता, थायलंडातच भेटला मुलीला. पुढं तो निघून गेला. कुठं, ते मी विचारलं नाही.

मला ती लुंग म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मुलाला म्हणालो, "मी जन्मात लुंगी नेसलो नाही. लेंगा घालतो. सांग तिला." तिच्या मुलीनं खुलासा केला की लुंग म्हणजे काका. मग त्या हाकेला ओ द्यायला लागलो.

शेवंताशी तिची ओळख झाली तीच मुळी या कोथिंबिरीच्या मुळांवरून. एकदा शेवंता घाईघाईनं आत आली. "अहो, शेजारची बाई कचऱ्याची पिशवी उचकते. आपलीच! मी कोथिंबिरीची मुळं टाकली होती, ती वेचून घेऊन गेली. उपाशी आहे हो बिचारी. मुलगी घालत नाही वाटतं जेवायला."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय मग! ताट देऊन येते."

भात, आमटी, भेंडीची भाजी वाढून ती शेजारी गेली. यायनं ताट घेतलं आणि विचारलं, "किन खाव रू यांग?" शेवंताला काय कळणार? ती हसून मान हलवत राहिली, नाही-नाही अशी. यायला वाटलं, ही जेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात ताट आलं, तळलेला मासा आणि भात. शेवंता म्हणाली, "बघा, गरिबाघरचं मन मोठं." तिसऱ्या दिवशी आमचं ताट तिकडे. असं पंधरा दिवस चाललं. दोघींना वाटायचं, समोरची उपाशी आहे. शेवटी तिच्या मुलीनं जिन्यात गाठून शेवंताला विचारलं, "आंटी, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? आई म्हणते, तुम्हाला घरी जेवायला मिळत नाही." शेवंता इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

त्यानंतर दोघी रोज दुपारी त्या मागच्या जिन्यावर बसायच्या. यायचं इंग्रजी वीस शब्दांचं, शेवंताचं दहा शब्दांचं. शेवंता म्हणायची, "तिचे वीस वेगळे, माझे दहा वेगळे. तीस झाले की."

यायच्या विसातले दोन शब्द म्हणजे "सेम सेम". काहीही दाखवा, सेम सेम. आपल्या गुरूला ते खरू म्हणतात, भाषेला फासा, आहाराला आहान. सेम सेम. पुण्याला म्हणतात बुन, आणि पापाला म्हणतात बाप. हे ऐकून माझा मुलगा म्हणाला, "अण्णा, आता मला सगळं एक्सप्लेन झालं." त्यांची माशाच्या पाण्याची बाटली असते, मीठ घालून मासे मुरवून काढलेलं. घरभर वास. "बाई, हे काय सेम सेम आहे?" मी विचारलं. तिनं आमच्या हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

तिच्या गॅलरीत लाकडाचं खेळण्याएवढं देऊळ होतं. त्यात मूर्ती नव्हती. ते जागेच्या राखणदाराचं. रोज सकाळी त्याच्यापुढं फूल, उदबत्ती आणि पेल्यात लाल सोडा. सोड्याला मुंग्या आल्या म्हणून अपार्टमेंटची मॅनेजर बाई ओरडायला आली तर याय तिलाच समजावायला लागली. आणि त्या राखणदाराशी ती बोलायची इंग्रजीत. "गुड मॉर्निंग, सर. सॉरी, सर." मी म्हणालो, "देवाशी इंग्रजी कशाला?" तर म्हणे, जागा अमेरिकेची, राखणदारही इथलाच असणार, त्याला आपली भाषा कशी येईल? 

एकदा त्रिपुरी पौर्णिमा आली. त्या दिवशी त्यांच्याकडेही पाण्यात दिवे सोडतात, केळीच्या पानाच्या होड्या करून. इथं केळीचं पान कुठलं? दोघींनी पावाच्या जाड चकत्या कापल्या, त्यावर फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लावली. नदी कुठली? अपार्टमेंटचा पोहायचा तलाव. तिन्हीसांजेला दोघींनी दिवे सोडले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. शेवंताच्या तोंडावर दिव्यांचा उजेड होता, अजून दिसतो मला. सकाळी पाव फुगून तलावाच्या जाळीत अडकले आणि मॅनेजर बाई परत आली. "हू डिड धिस?" दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

पुढच्या ऑगस्टात शेवंता गेली. पोटाचं दुखणं. कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. दहावा-तेरावा मुलानं केला. भटजी आठवडाभर चिपा बनवणारे आणि शनिवार-रविवार भटजी. त्यांनी पाणी सोडायला सांगितलं, मुलानं सोडलं. मी कोपऱ्यात बसून राहिलो. मला म्हणाले, "तुम्हीही सोडा." मी म्हणालो, "नाही."

आपल्यात पाणी सोडलं म्हणजे काय? हक्क सोडला. वाटणीवर पाणी सोडलं, आशेवर पाणी सोडलं, म्हणजे संपलं. परत मागायचं नाही. मी तिच्यावर पाणी सोडणार नव्हतो. माझं डोकं साधं आहे, त्यात तेवढंच बसतं.

घर सकाळी आठला रिकामं व्हायचं. मुलगा कामावर, सून कामावर. मी खिडकीत. दुपारी दारावर टकटक. याय उभी. "किन खाव रू यांग?"

आधी मी दार लावून घ्यायचो. ती परत वाजवायची. चिडून उघडलं की हातात ताट. चार दिवस ताट परत पाठवलं. पाचव्या दिवशी ती ताट घेऊन आत आली, खुर्ची ओढून समोर बसली आणि मी खाईपर्यंत उठली नाही. तिखट असं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकदा आलं ते थांबेना. ती म्हणाली, "चिली." मी म्हणालो, "हो, चिली." तिनं भात आणखी वाढला.

एप्रिलात तिचं नवीन वर्ष आलं. त्याला ते सोंगक्रान म्हणतात. मी ऐकलं संक्रांत. "संक्रांत जानेवारीत असते," मी म्हणालो. "एप्रिल," ती म्हणाली. "जानेवारी!" "एप्रिल!" शेवटी सेम सेमवर मिटलं. शब्द एकच आहे म्हणे, सूर्य राशी बदलतो त्यावरूनच. त्या दिवशी देवळात जायचं, भिक्खूंना जेवण द्यायचं, थोरांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा, आणि गेलेल्या माणसांना पुण्य पाठवायचं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते रांधून भिक्खूंना वाढायचं, म्हणजे ते त्याला पोचतं.

यायला शेवंता म्हणता येत नसे. ती म्हणायची सेवन. तीन दिवस आधी तिनं मला विचारलं, "सेवन लाइक ईट व्हॉट?"



एक्केचाळीस वर्षांचा संसार. तिला काय आवडायचं? मला काय आवडतं ते माहीत होतं. मुलाला काय आवडतं ते माहीत होतं. ती आमच्या मागून जेवायची. भांड्यात जे उरेल ते, करपलेली पोळी असेल तर ती. मी तिला एका तरी दिवशी विचारलं होतं का, जेवलीस का म्हणून? आठवून बघितलं. नाही विचारलं.

"पिठलं," मी ठोकून दिलं.

यायनं माझ्याकडे बघितलं. "यू लाइक पिट-ला," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी मुलगा आम्हाला गाडीनं घेऊन गेला. सुनेनं पिठलं-भात करून दिला आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ माझ्या खिशात घातला, तीन महिन्यांचा, दगड झालेला. देऊळ म्हणजे कळसबिळस काही नाही, साधं अमेरिकन घर. बाहेर चपलांचा ढीग मात्र आपल्या देवळासारखा. दिवाणखान्यात बुद्धाची सोनेरी मूर्ती, गॅरेजमध्ये स्वयंपाक, मागच्या अंगणात वाळूचे छोटे छोटे कळस रचलेले आणि त्यात कागदाच्या पताका. पोरंटोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. तीन भिक्खू ओळीनं बसलेले, भगवी वस्त्रं आणि थोरल्यांच्या डोक्याला थंडीची लोकरी टोपी.

त्यांच्यात बाईमाणसानं भिक्खूच्या हातात थेट काही द्यायचं नसतं. ते कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. पुरुषानं दिलं तर हातात घेतात. आणि बारानंतर ते जेवत नाहीत, त्यामुळं अकराला नुसती धांदल. याय मला ढकलत म्हणाली, "यू मॅन. यू गिव्ह." म्हणून मी एकेक थाळी दोन्ही हातांनी देत गेलो. तिळगूळही दिला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," मी म्हणालो. थोरल्यांनी एक तोंडात टाकला आणि बराच वेळ ते काही बोलू शकले नाहीत.

पिठल्याची थाळी देऊन झाल्यावर यायनं माझ्या हातात एक बशी ठेवली. हिरव्या कच्च्या जर्दाळूच्या फोडी, वर तिखट, मीठ, साखर.

"हे काय?"

"सेवन लाइक."

आमच्या पार्किंगमागं जुन्या बागेतलं एक जर्दाळूचं झाड उरलं होतं. तिची मुलगी मला म्हणाली, "काका, त्या दोघी रोज दुपारी तिथून चोरून काढायच्या. तिखटमीठ लावून जिन्यावर बसून खायच्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ती असलं काही खायची नाही," मी म्हणालो.

"एव्हरी डे," याय म्हणाली.

खोटं कशाला लिहू, मला त्या बाईचा राग आला. माझ्या बायकोचं मला ठाऊक नाही ते हिला ठाऊक. मी बशी दिली ती तिच्याकडे न बघता.

मग भिक्खू मंत्र म्हणायला लागले. सगळ्यांनी आपापल्या पुढं एकेक छोटी पितळी झारी आणि वाटी घेतली. मंत्र चालू असताना झारीतलं पाणी वाटीत धार धरून ओतायचं, गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. नंतर ते पाणी झाडाच्या मुळाशी नेऊन घालायचं. यायनं तिची झारी माझ्या हातात दिली. "सेवन," ती म्हणाली. "यू."

"नाही."

"वॉटर गो, सेवन ईट." आणि मग म्हणालीच, "यू, मी. सेम सेम."

"नाही सेम सेम!" मी ओरडलो. मंत्र म्हणणारे थांबले. "आमच्यात पाणी सोडलं म्हणजे संपलं! मी नाही सोडणार तिच्यावर पाणी. तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?" मी उठलो, दाराबाहेर आलो, आणि हातात काहीतरी आहे म्हणून ते झटकलं. झारी पायरीच्या सिमेंटवर आपटली. पितळेचा आवाज मला कळतो. पोचा पडला, हे न बघता कळलं.

गोड बोला म्हणून सांगून अर्धा तास झाला नव्हता.

 परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "अण्णा, दॅट वॉज नॉट ओके." याय मागं बसली होती, मांडीवर रिकामे डबे.

भांडं फेकणारा तांबट म्हणजे पोथी फाडणारा भटजी. मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी गेलो, मान खाली घालून हात पुढं केला. तिनं झारी आणून दिली. पुण्याहून येताना मी मठारायचा, म्हणजे भांडं ठोकून सारखं करायचा, एक हातोडा बॅगेत आणला होता, कशाला ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. वाकडी सळई झारीच्या तोंडातून आत घातली, आतून दाबत बाहेरून हलक्या हातानं ठोके दिले. भांडं कितीही लहान असलं तरी ठोके मोजून मारता येत नाहीत, कानानं मारावे लागतात. दुपार गेली. चिंच-मीठ लावून घासली. नेऊन दिली.

तिनं ती उजेडात धरून फिरवली. पोचा कुठं होता तेही सापडेना. "न्यू," ती म्हणाली. आणि काही झालंच नाही असं म्हणाली, "किन खाव रू यांग?"

तीन आठवड्यांनी झारी परत आली. पोचा त्याच जागी. काढून दिला. महिन्यानं परत. आता बघा, भांडं हातातून पडलं तर पोचा काठाला पडेल, बुडाला पडेल. दर वेळी पोटाच्या बरोबर मधोमध कसा पडेल? मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो, खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि त्याचं टोक पोच्यावर लावून पाहिलं. चपखल बसलं.

"बाई, बत्त्यानं मारता?"

ती पकडली गेली तरी लाजली नाही. "लुंग नो वर्क," ती म्हणाली, "लुंग सिक."

त्यानंतर मी विचारलं नाही. ती पोचा पाडायची, मी काढायचो. तिचं कुटणं आणि माझं ठोकणं एकदम चालू झालं की वरच्या मजल्यावरचा माणूस पाय आपटायचा.

कोथिंबिरीची जुडी निवडायची शेवंताची जागाही माझ्याकडे आली, आपोआप. मी पानं खुडायला शिकलो, मग आमटी करायला शिकलो. याय चव घेऊन म्हणायची, "नो गुड," आणि वाटी संपवायची.

रोज सकाळी ती खाली जाऊन त्या जर्दाळूच्या मुळाशी झारीनं पाणी घालायची. मला खिडकीतून दिसायचं, ऐकूही यायचं. आधी स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायची आणि मग, "सेवन". मी पाणी सोडत नव्हतो म्हणून ती सोडत होती. एके दिवशी न राहवून खाली गेलो.

"सेवन नाही. शे-वं-ता. चुकीच्या नावानं कसं पोचायचं? पत्ता चुकतो."

"से-वन-ता."

"शे! शे!"

तिनं दोनदा प्रयत्न केला. मग झारी माझ्यापुढं धरली. "ओके. यू से."

मी वर निघून आलो. हे दोन वर्षं चाललं. मी नाव सुधारायचो, ती झारी पुढं करायची, "यू से", आणि मी जिना चढायचो. तिनं कधी जोर केला नाही. एकदाच, झारी परत घेताना, ती म्हणाली, "सेवन वेट." मी तिला म्हणालो, "थांबू दे. सवय आहे तिला." म्हणालो खरा, पण जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आणि मग तो गुरुवार, जुडी, पोचा, "यू ईट".

शुक्रवारी सकाळी सातला दार वाजलं. यायची वेळ दुपारची, म्हणून मला नवल वाटलं. दारात तिची मुलगी होती, नर्सच्या कपड्यांत, आत्ताच पाळीवरून आलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, याय गेली. झोपेतच. मी हात लावला तर गार होती."

माझ्या तोंडून निघालं, "जेवली होती का?"

पोर रडायला लागली. म्हणाली, "हो काका. ताट धुऊन ठेवलंय." मुळांचा वाडगा तसाच ओट्यावर होता, मी आत गेलो तेव्हा दिसला. पाणी नितळ झालं होतं, माती तळाशी बसली होती. याय कुशीवर होती, हात गालाखाली. मुलगा आला, म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसा, फोनचं वगैरे मी बघतो." मी बसलो नाही. घरी आलो.

भात लावला. होईपर्यंत झारी हातात घेऊन पोच्यावर अंगठा फिरवला. सळई काढली, हातोडा काढला, आणि दोन्ही परत ठेवून दिलं. तो पोचा मी काढला नाही. झारी भरून घेतली. वाटीत गरम भात घेतला, त्यावर आदल्या दिवशीची कोथिंबीर टाकली, आणि खाली पार्किंगमागं गेलो.

जर्दाळूला हिरवी फळं लागली होती. दोन तोडली, भाताशेजारी मुळाशी ठेवली. तिखटमीठ आणायला विसरलो, तर परत जाऊन आणलं. मग खाली बसलो. गुडघे दुखले तेव्हा "ओय" म्हणालो, तिच्यासारखं. झारी तिरकी केली.

"शेवंता," मी म्हणालो. मोठ्यानं, तिन्ही अक्षरं नीट. "जेवलीस का?"

पाणी मुळात जिरत गेलं. मला वाटलं होतं, धार सुटली की काहीतरी हातातून जाईल. तसं काही झालं नाही. पलीकडे एक माणूस गाडी चालू करत होता, तो बघत राहिला. बघू दे.

अर्धी झारी उरली होती. ती यायची. आणि तेव्हा मला कळलं की तिचं नाव मला ठाऊक नाही. याय म्हणजे नुसती आजी, तशा लाख असतील. दोन वर्षं मी तिला सेवन नाही, शेवंता म्हण म्हणून शिकवत होतो, आणि तिचं नाव एकदा विचारलं नव्हतं. वर जाऊन मुलीला विचारावं असं मनात आलं. पण पोर फोनवर रडत असेल. आणि झारी तिरकी केलेली, धार सुरू झालेली, ती मध्ये तोडत नाहीत हे तिनंच मला सांगितलं होतं.

मग जे येत होतं तेच म्हणालो.

"किन खाव रू यांग?"

आणि पाणी संपेपर्यंत हात हलू दिला नाही.